काठाचा रंग

रंग पारखायचा तर सूत दारात न्यायचं. बेळगावच्या वडगाव-खासबागात माग असलेल्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. रंगाऱ्याकडून बोचकं आलं की त्यातली एक लडी उपसून माणूस उंबऱ्याबाहेर जातो, मागच्या खेपेची लडी तिच्याशेजारी धरतो, दोन्ही जरा तिरक्या करून बघतो आणि मगच बोचकं आत घेतो. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेल्या दोन लड्या उन्हात नेल्या की फटकन वेगळ्या पडतात. दोन्हींतली रंगद्रव्यं निराळी असली की असं होतं. एका उजेडात त्यांच्यावरून परतणारा प्रकाश डोळ्याला सारखा वाटतो, दुसऱ्या उजेडात नाही. म्हणून आमच्या धंद्यात ‘हे दोन रंग सारखे आहेत’ एवढं म्हणून भागत नाही. कुठल्या उजेडात सारखे, तेही सांगावं लागतं.

दिवाळीच्या सुमाराला आमच्या सोप्यात दोन टीव्ही शेजारी-शेजारी लागले. जुना 32 इंची आणि नवा 55 इंची. जुना माडीवर जायचा होता, पण माडीच्या भिंतीचा गिलावा ओला होता, म्हणून तो काही दिवस नव्याच्या बाजूला स्टुलावर राहिला. दादानं एकाच पेनड्राइव्हच्या दोन प्रती केल्या, दोन्ही टीव्हींवर एकच व्हिडिओ एकाच वेळी सुरू केला आणि घरातल्या सगळ्यांना बोलावलं. आई, वहिनी, दोन्ही पोरं, शिवाय समोरचे काका. ‘सांगा आता, चांगलं कुठलं दिसतंय.’

बहुतेकांनी जुन्याकडे बोट केलं.

दादाचा चेहरा पडला. नव्या टीव्हीला चांगले पैसे पडले होते. वहिनी जरा सांभाळून म्हणाल्या, ‘आत्ती, नव्याचा कपडा पिवळट दिसतोय की.’ खरंच दिसत होता. पडद्यावर एका लग्नातले पांढऱ्या झब्ब्यातले पाहुणे होते. जुन्यात ते धुतल्यासारखे शुभ्र, नव्यात दुधावरच्या सायीच्या रंगाचे. मी काही बोललो नाही. जुना टीव्ही बंद केला आणि म्हटलं, आधी जेवून घेऊ. जेवणं झाली, नव्यावर तोच व्हिडिओ पुन्हा चालू होता, आणि आता पिवळेपणाबद्दल कुणीच काही बोलेना. झब्बे पांढरे होते. मग मी जुना परत लावला. आईनंच पहिल्यांदा विचारलं, ‘हा निळा का झाला रे?’

डोळ्याचं कामच असं चालतं. समोर जो उजेड असेल त्यातल्या पांढऱ्याला तो दोन-चार मिनिटांत पांढरं मानून घेतो. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात कागद पांढराच दिसतो आणि ढगाळ दुपारच्या निळसर उजेडातही पांढराच. पण ही सवय एका वेळी एकाच पांढऱ्याची लागते. दोन पडद्यांवर दोन निराळे पांढरे एकत्र ठेवले, तर जो जास्त उजळ आहे त्याला डोळा पांढरं ठरवतो आणि दुसऱ्याला पिवळा किंवा निळा म्हणतो. चित्रपट आणि मालिका ज्या पडद्यावर बघून रंगवल्या जातात, त्याचा पांढरा जगभर एकच ठरलेला आहे, साधारण 6500 केल्विनचा. (केल्विनचा आकडा चढला की पांढरा निळसर, उतरला की पिवळट.) भर दुपारच्या उघड्या आकाशाखालच्या उजेडाच्या जवळचा. जुना टीव्ही घेतल्या दिवसापासून ‘व्हिव्हिड’ या भडक रंगांच्या मोडवर होता, आणि त्या मोडमध्ये बहुतेक कंपन्या पांढरा बराच निळा करतात, कारण निळसर पांढरा जास्त स्वच्छ वाटतो. कपडे धुताना नीळ घालायची तीही त्यासाठीच. नवा मी ‘फिल्ममेकर’ मोडवर ठेवला होता. त्याचा पांढरा खऱ्याच्या जवळ होता, आणि नेमका तोच हरला.

उजळपणाचंही तसंच. साध्या, म्हणजे एचडीआर (उजळ-गडदाचा जास्त मोठा पल्ला) नसलेल्या चित्राचं रंगकाम अंधाऱ्या खोलीत सुमारे 100 निटच्या पडद्यावर करतात. निट म्हणजे पडद्याच्या एक चौरस मीटरमागे एक कॅन्डेला. आमचा जुना टीव्ही व्हिव्हिडवर सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट जात असावा. दोघांतला उजळ तो चांगला, असंच डोळा म्हणतो, मग त्यात नवरीच्या कपाळावरची चकाकी पांढऱ्या डागात विरघळून गेलेली का असेना.

या शेजारच्या रंगाच्या खेळावर पहिलं नीट संशोधन केलं ते कापडाच्याच कारखान्यात, ही गोष्ट मला फार आवडते. पॅरिसच्या गोबेलँ या राजेशाही विणकामशाळेत 1824 साली मिशेल शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तक्रारी येत होत्या की काळं सूत नीट काळं होत नाही, निळ्या-जांभळ्याच्या सावलीत बसलं की फिकं दिसतं. त्यानं सूत तपासलं, इतर ठिकाणच्या काळ्याशी ताडून पाहिलं. रंगात काहीच खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे निळे आणि जांभळे धागे विणले जात होते, ते काळ्याचा रंग बिघडवत होते. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना एकमेकांपासून दूर ढकलतात, हा नियम त्यानं 1839 मध्ये मांडला. संक्रांतीची काळी चंद्रकळा विणताना लाल काठ आणि जांभळा काठ यांत काळ्याचं रूप बदलतं, हे आमच्या बाबांना शेव्हरलचं नाव न ऐकताही ठाऊक होतं. जांभळा काठ असला की ते काळ्या सुताला एक हात जास्त द्यायला सांगायचे.

दोन टीव्ही शेजारी ठेवले की तेही हेच करतात. प्रत्येक जण दुसऱ्याबद्दल बोलतो. हा त्याच्याहून निळा, तो याच्याहून मंद. दोघांतला खऱ्याच्या जवळ कोण, हे दोघांपैकी एकही सांगू शकत नाही. त्याला तिसरी वस्तू लागते.

पण त्याआधी काळ्याबद्दल, कारण इथे नव्याचं खरं मोठेपण दिसतं. आपण ज्याला ‘एलईडी टीव्ही’ म्हणतो तो मुळात एलसीडीच असतो. एलईडी दिवे फक्त मागून उजेड देतात, आणि समोरची द्रवस्फटिकांची जाळी तो कमी-जास्त अडवते. पूर्ण अडवणं तिला जमत नाही. आमचा जुना आयपीएस जातीच्या पॅनलचा. त्यात पांढरा आणि काळा यांच्या उजेडाचं गुणोत्तर साधारण हजारास एक असतं. व्हीए जातीत ते तीन-चार हजारांपर्यंत किंवा त्याहून वर जातं, पण व्हीए बाजूनं बघितलं की फिकं पडतं. आमच्या सोप्यात कोण कुठे बसेल याचा नेम नसतो. आई भिंतीला टेकून खाली, पोरं टीव्हीच्या अगदी कोपऱ्यात आडवी, दादा पायरीवर. अशा घरात बाजूनं कसं दिसतं हे समोरून कसं दिसतं याइतकंच महत्त्वाचं. आमचा नवा ओलेड जातीचा, त्यात मागे दिवा नसतोच. प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं तर विझून जातो. रात्री सोप्यातला दिवा मालवून आम्ही शिवजयंतीच्या मिरवणुकीचा आमचा जुना व्हिडिओ लावला. मशाली, चित्ररथ, मागे काळोखी गल्ली. जुन्यात गल्लीचा काळोख राखाडी, धुरकट. नव्यात काळोख काळाच, आणि त्यातून मावळ्याच्या फेट्याचा एक तुरा तेवढा पुढे येतो. तुलना तिथे संपली. दादाच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

दुपारी मात्र उलटं. सोप्याचं दार मोठं, मागावरचं बीम आत-बाहेर नेण्याइतकं. दार उघडं असलं की नव्याच्या गुळगुळीत काचेत अख्खी गल्ली दिसते. सायकल जाते, शेजारची काकू जाते. जुन्याचा पडदा खरबरीत, त्यात कुणाचं प्रतिबिंब पडत नाही. विझलेल्या बिंदूवर बाहेरचा उजेड पडला की त्याचं काळेपण कुठे राहणार? ज्यांच्या घरात दिवसा दार उघडं असतं, आणि आमच्याकडच्या बहुतेक घरांत ते असतं, त्यांनी रात्रीच्या काळोखाच्या आकड्यांवर भुलून टीव्ही घेऊ नये. आधी तो दाराच्या कुठल्या बाजूला लागणार ते बघावं.

आईची मालिका हा वेगळाच विषय. ती जुन्यावरच चांगली दिसायची, आणि हे कुणाच्या डोळ्याचं फसणं नव्हतं. आमच्या घरी दोन भाषांची चॅनलं लागतात. आईला मराठी पाहिजे, वहिनी गोकाकच्या, त्यांना कन्नड. पोरं दोन्हीकडची कार्टून बघतात. 2019 पासून चॅनल एकेक करून निवडता येतात, त्यामुळे दोन्हीकडची निवडली तर यादी लांबते आणि पैसे वाढतात. मग बचत कुठे, तर एचडी काढून साधं घ्यायचं. सीमेवरच्या कितीतरी घरांत हाच हिशेब असणार. साध्या चॅनलच्या चित्रात 720 गुणिले 576 बिंदू, म्हणजे सुमारे 4 लाख 15 हजार. नव्या फोर-के पडद्यावर 3840 गुणिले 2160, म्हणजे जवळपास 83 लाख. बरोबर वीस पट. म्हणजे आलेल्या एका बिंदूमागे एकोणीस बिंदू टीव्हीनं आपल्या अंदाजानं भरायचे. जुन्यावर एकूण बिंदू साडेदहा लाख, तिथे अंदाजाचं काम अडीच पटीचं. शिवाय पडदा लहान, दोष लहान. नव्यावर मालिकेतल्या सासूबाईंच्या गालावर मेण लावल्यासारखं दिसायचं आणि पैठणीच्या काठातले मोर एकमेकांत मिसळून जायचे.

त्यात पावसाळ्यात डिशचं दुखणं असतंच. आमच्याकडे जुलै-ऑगस्टचा पाऊस एकदा बसला की उठत नाही. डिशचे संदेश ज्या वारंवारतेवर येतात, साधारण 11-12 गिगाहर्ट्झ, त्या लहरींना जाड थेंब शोषून घेतात. जुन्या अँटेनाच्या काळात संदेश कमी पडला की चित्र मुंग्या येऊन मंद व्हायचं. आता ते एकदम चौकोन-चौकोन होतं आणि थांबतं. तिथे पंचावन्न इंच आणि बत्तीस इंच दोघं सारखेच हतबल.

अंतराचाही विचार कुणी करत नाही. सामान्य दृष्टीचा माणूस अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखू शकतो. 55 इंची फोर-के पडद्यावरचा एक बिंदू सुमारे 0.32 मिलिमीटरचा. हिशेब मांडला तर तो बिंदू वेगळा दिसायला साडेतीन फुटांवर बसावं लागतं. आमच्या सोप्यात टीव्हीपासून समोरची भिंत जेमतेम आठ फूट, आणि तिथून तर फुल एचडीचे बिंदूही एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून नव्या टीव्हीचं मोठेपण मी कधीच बिंदूंच्या संख्येत शोधलं नाही. ते काळ्यात आहे, आणि थोडंसं रंगात.

रंगाची परीक्षा आईनं घेतली.

ट्रंकेतून तिनं आपलं एक लुगडं काढलं. डाळिंबी अंगाचं, मोरपंखी काठाचं, बाबांनी आमच्याच मागावर विणलेलं. सकाळी दारात, उन्हाच्या तिरिपेपासून जरा आत, मी ते दांडीवर टाकून फोननं त्याचा व्हिडिओ घेतला. फोनचा पांढरा मी आधी कोऱ्या कागदावर धरून कुलूपबंद केला होता. तसं केलं नाही तर सगळी चौकट डाळिंबी कापडानं भरली की फोनला वाटतं उजेडच लाल आहे, आणि तो मनानंच डाळिंबी उतरवून टाकतो. तो व्हिडिओ दोन्ही टीव्हींवर लावला आणि खरं लुगडं दोन्ही पडद्यांच्या मधे आईनं हातात धरलं. दार अर्धं लोटलं, म्हणजे कापडावर उजेड पडेल पण काचेत गल्ली दिसणार नाही.

व्हिव्हिडमध्ये डाळिंबीची राणी झाली होती. फोनचा कॅमेरा रंग थोडा वाढवतो, त्यावर टीव्हीनं आणखी वाढवला. काठ तर विजेच्या माळेसारखा निळा-हिरवा पेटला होता. ‘शार्पनेस’ चढवलेला असल्यामुळे काठ आणि अंग यांच्या मधे एक पांढरट रेघ दिसत होती, जी कापडात कुठेच नाही. ती टीव्हीनं काढलेली. कडा उठून दिसाव्यात म्हणून तो गडद बाजू जास्त गडद आणि उजळ बाजू जास्त उजळ करतो. विणकराच्या दृष्टीनं हा मोठा अपराध, कारण काठ जिथे अंगाला मिळतो ती जागाच त्याच्या हाताची परीक्षा असते. शार्पनेस उतरवला, मोड बदलून ‘सिनेमा’ केला, पांढरा ‘वॉर्म’वर आणला, आणि जुना टीव्हीसुद्धा डाळिंबीच्या पुष्कळ जवळ आला. नव्यावर डाळिंबी इतकी जुळली की आईनं पदर पडद्याला लावून बघितला. धागे दिसत होते. उभा ताणा लाल आणि आडवा बाणा जांभळट, दोन्ही मिळून लांबून डाळिंबी. पडद्यावरचे बिंदूही तसेच, लाल, हिरवा, निळा असे तीन शेजारी, आणि लांबून त्यांचा एक रंग होतो. धाकट्या पुतण्यानं हे ऐकून फोनच्या काचेवर पाण्याचा एक थेंब सोडला आणि त्यातून तीन रंगांचे बारके ठिपके स्वतः बघितले. तो दिवसभर सगळ्यांना ते दाखवत होता.

मोरपंखी मात्र कुठल्याच टीव्हीवर आला नाही.

आई बराच वेळ बघत होती. ‘डाळिंबी माझी हाय,’ ती म्हणाली, ‘खरं काठ माझा न्हाई.’ मी नव्यावर सगळी बटणं फिरवून बघितली. निळ्याकडे नेलं की हिरवेपण जातं, हिरव्याकडे नेलं की खोली जाते. हे बटणांच्या हातातलं नव्हतंच. एचडी टीव्हीचा जो रंगसंच ठरला आहे तो डोळ्याला दिसणाऱ्या सगळ्या रंगांच्या नकाशावर साधारण 36 टक्के जागा व्यापतो. लाल, हिरवा, निळा या तीन टोकांना जोडून जो त्रिकोण होतो, त्याच्या बाहेरचं काहीही त्या तिघांना मिळून करता येत नाही. आणि सगळ्यात मोठी जागा बाहेर राहते ती हिरव्या आणि हिरवट निळ्याच्या बाजूला, नेमकी जिथे गडद मोरपंखी बसतो. फोर-केसाठी 2012 मध्ये जो मोठा रंगसंच ठरवला गेला तो सुमारे 76 टक्क्यांपर्यंत पोहोचतो, पण तो पूर्ण दाखवणारे टीव्ही घरांत जवळजवळ नाहीतच, आणि चॅनलवरून येणारं चित्र बहुतेक जुन्याच त्रिकोणातलं असतं. म्हणजे मोराच्या मानेचा रंग आपण टीव्हीवर आजवर बघितलेलाच नाही. जवळचा काहीतरी बघितला आणि डोक्यानं उरलेलं भरलं.

डोक्यावर तरी किती विसंबावं? आठवणीतले रंग खऱ्याहून भडक असतात, हे रंगशास्त्रात वारंवार तपासलेलं आहे. गवत आठवतं ते असतं त्याहून हिरवं, आकाश असतं त्याहून निळं. म्हणून दुकानातली भिंत माणसाला जिंकते. खडेबाजारात काय किंवा आणखी कुठे काय, टीव्हीच्या ओळीवर दिवसभर तेच चालू असतं: पोपट, समुद्रातले मासे, रंगांचे फुगे, परदेशातलं फुललेलं शेत. बघणाऱ्यानं यातली एकही वस्तू हातात घेतलेली नसते. त्या पोपटाचा खरा हिरवा कुठला, हे कुणालाच माहीत नाही, मग जो जास्त हिरवा तोच जिंकणार. एकाही पडद्यावर ओळखीचं माणूस नसतं, भाताचं शेत नसतं, तालमीची लाल माती नसते. मी टीव्ही घ्यायला गेलो तेव्हा पेनड्राइव्हवर येळ्ळूरच्या बाजूचं कापणीला आलेलं भात, आईचा चेहरा आणि चार लुगडी नेली होती. दुकानातल्या पोरानं काही न बोलता लावून दिली. आईचा चेहरा कुठे तांबूस, कुठे हिरवट आणि कुठे तिचा आहे, हे ठरवायला मला एक क्षण लागला नाही. माणसाची कातडी ही आपल्याला सगळ्यात जास्त पाठ असलेली वस्तू आहे. तिच्यात जरा इकडचं तिकडे झालं तरी डोळा अडतो.

दादाला हे सगळं पटलेलं नाही. तो म्हणतो, ‘टीव्ही बघायला घेतलाय, लुगडं विकायला न्हवं.’ क्रिकेट असलं की तो व्हिव्हिड लावतो आणि हालचाल गुळगुळीत करणारं बटणही चालू करतो. क्रिकेटला मला ते चालतं. चेंडू धावताना मधल्या चौकटी टीव्हीनं स्वतः घातल्या तरी काही बिघडत नाही. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा असतो आणि त्याची चाल त्या 24 वर बसवलेली असते. तिथे मधे भर घातली की नट सेटवर उभे राहून बोलतायत असं वाटतं. म्हणून सिनेमाला ते बटण मी बंद करतो, तो काही बोलत नाही. बातम्यांच्या वेळी मी त्याच्या मागे लागतो ते वेगळ्या कारणानं. ओलेडवर खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातलं बोधचिन्ह दिवसचे दिवस एकाच जागी राहिलं तर तिथले बिंदू आधी झिजतात आणि त्याचा ठसा कायमचा उमटू शकतो. बातम्या आता माडीवर, जुन्यावर.

पण ‘लुगडं विकायला न्हवं’ हे त्याचं म्हणणं मला लागलं, कारण आता आम्ही लुगडी पडद्यावरच विकतो. शहापूरची पेठ आहे, व्यापारी आहेत, तरी आमच्या मालातला बराचसा फोनवरून जातो. पुण्याच्या, ठाण्याच्या, सांगलीच्या बायका फोटो बघतात, पैसे पाठवतात. आणि पार्सल परत येतं, ‘फोटोत होता तो रंग नाही.’ विणणाऱ्यानं खोटं केलेलं नसतं, घेणारीही खोटं बोलत नसते. मधे कॅमेरा आहे. पाठवताना चित्र दाबून लहान होतं, त्यात उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूची राहिली तरी रंगाची माहिती चार बिंदूंत मिळून एकदाच ठेवली जाते, म्हणून काठातली बारीक तांबडी रेघ आधी पुसट होते. मग तिच्या फोनचा पडदा, रात्री पिवळट होण्याची त्याची सोय, तिच्या स्वयंपाकघरातला दिवा. एवढ्या सगळ्यांतून गेलेल्या रंगाचा जाब शेवटी मागावर बसलेल्याला द्यावा लागतो. परतीच्या पार्सलचं भाडं त्याच्या मजुरीतून जातं, आणि घडी मोडलेलं लुगडं पुन्हा त्या भावाला जात नाही. मला टीव्हीच्या रंगांचं एवढं पडलंय ते या एका गोष्टीसाठी.

सोप्यातल्या त्या खटाटोपानंतर मी फोटो काढायची पद्धत बदलली. लुगडं दारातच, सकाळीच. पांढरा आधी कागदावर बांधलेला. आणि लुगड्याच्या कडेला चौकटीत दोन वस्तू: एक कोरा कागद आणि एक पारले-जीचा पुडा. तो पुडा वडगावात आणि पुण्यात एकाच पिवळ्याचा मिळतो, आणि नसेल असं घर विरळा. खाली लिहितो, तुमच्या घरातला पुडा फोनशेजारी धरून बघा. तुमच्या पडद्यावरचा पुडा हातातल्यासारखा दिसत असेल तर लुगड्याचा रंगही बराचसा तसाच आहे. पुडा नारिंगी दिसला तर फोनची रात्रीची सोय बंद करा, दिवसा खिडकीशी या. पहिल्यांदा काही जणींनी विचारलं, बिस्किटं फुकट आहेत काय. आता त्याच आपल्या जावांना-नणंदांना समजावून सांगतात.

जुना टीव्ही माडीवर गेला, सिनेमा मोडवर. आईच्या दोन मराठी चॅनलांचं आणि वहिनींच्या एका कन्नड चॅनलचं एचडी आम्ही घेतलं आणि पोरांची तीन चॅनलं काढली, त्यावरून घरात अजून बोलणी चालू आहेत. एचडी आल्यापासून आई मालिका खाली, मोठ्यावर बघते. काठातले मोर आता वेगवेगळे दिसतात.

मोरपंखीचं मी कुणाला फोटोवर विकत नाही. विचारणारीला सांगतो की हा रंग पडद्यावर येत नाही, पत्ता द्या, आणि काठाचा बोटभर तुकडा पाकिटात घालून पाठवतो.